वाशीतील बालवाडी का ओस पडते? शहराची लोकसंख्या आणि नोडचे वय

प्रश्न विचारणाऱ्या ताई वाशीत बालवाडी चालवतात. त्यांच्या आईंनी ती १९८०च्या दशकात राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर सुरू केली. त्या काळी प्रवेशासाठी दिवाळीनंतर लगेच नावे नोंदवावी लागत. आज दोन तुकड्यांची एक केली तरी सतरंजी पुरी भरत नाही. दुसरीकडे नवी मुंबई झपाट्याने वाढते आहे, विमानतळ सुरू झाला, घरांचे भाव चढले, असे त्या रोज वाचतात. शहर वाढत असताना मुले गेली कुठे, आपलेच काही चुकते आहे का, आणि वाशीची जागा सोडून कर्ज काढून नव्या विमानतळाजवळच्या उलव्यात गाळा विकत घ्यावा का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मी तीसहून अधिक वर्षे नगरनियोजनात काढली आणि त्यांतला बराचसा काळ ‘इथे उद्या किती माणसे राहतील’ या एकाच हिशेबात गेला. म्हणून उत्तर थोडे लांबले तर ताईंनी सांभाळून घ्यावे.

शहर वाढते आहे, यात शंका नाही. नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत २००१ साली सुमारे ७ लाख ४ हजार लोक होते, ते २०११ साली ११ लाख २० हजारांच्या आसपास गेले. म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ साठ टक्के वाढ झाली. त्याच दशकात शेजारच्या ठाणे महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांवरून साडेअठरा लाखांच्या घरात पोहोचली, आणि खाडीपलीकडच्या मुंबई शहर जिल्ह्याची मात्र ७ टक्क्यांहून अधिक घटली. बेटावरची कुटुंबे उपनगरात आणि उपनगरातली खाडी ओलांडून सरकत होती, हे या तीन आकड्यांतून स्पष्ट दिसते. मात्र हे सगळे आकडे २०११चे आहेत. २०२१ची जनगणना झाली नाही. पुढची २०२७मध्ये व्हायची असून तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरला आहे. त्यामुळे या क्षणी कोणीही ‘नवी मुंबईची लोकसंख्या’ म्हणून जो आकडा सांगतो तो अंदाज असतो, आणि तो सांगणाऱ्याला काय विकायचे आहे, हे पाहूनच त्यावर किती विसंबायचे ते ठरवावे.

‘नवी मुंबई’ म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात कोणता प्रदेश आहे, हाही एक घोळ आहे. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरवर, हे शहर आखले गेले. १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आलेली नवी मुंबई महापालिका त्यातल्या ठाणे जिल्ह्याच्या बाजूपुरती, म्हणजे दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत आहे. खारघर, कामोठे, कळंबोली हे नोड, म्हणजे सिडकोने आखलेली शहराची स्वतंत्र उपनगरे, २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत गेले आणि उलवे या दोन्ही महापालिकांच्या बाहेर राहिले. वर्तमानपत्रात ‘नवी मुंबईत घरांची विक्री वाढली’ असे छापून येते तेव्हा ती घरे बहुधा तळोजा, उलवे, पनवेल या पट्ट्यातली असतात, आणि आपण मात्र वाशीच्या खिडकीतून त्या वाढीची वाट पाहत बसतो. भरीला, २००७ साली वगळलेली कल्याण-शीळ बाजूची १४ गावे अलीकडे पुन्हा महापालिकेत आली आहेत. त्यामुळे पुढच्या जनगणनेत शहराची जी वाढ दिसेल, तिचा काही भाग नुसत्या हद्दबदलाचा असेल.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ठाण्यासारखे जुने शहर थरांनी वाढते. नौपाड्यात वाडे होते, वाड्यांच्या इमारती झाल्या, पलीकडे वागळे इस्टेटीच्या आसपास कामगारवस्ती उभी राहिली, मग घोडबंदर रस्ता भरत गेला. आणि या प्रत्येक वस्तीतही वेगवेगळ्या काळी आलेली माणसे मिसळून राहिली. नवी मुंबईचे तसे नाही. इथे एक नोड आखला जातो, त्यातले सेक्टर चार-सहा वर्षांत बांधून होतात, आणि सोडतीत घर लागलेली किंवा बिल्डरकडे नोंदणी केलेली कुटुंबे जवळपास एकाच सुमारास ताबा घेतात. ताबा घेणारे जोडपेही बहुतेक एकाच वयाचे असते: नोकरीत स्थिरावलेले, कर्ज मिळण्याइतका पगार असलेले, तिशीच्या अलीकडे-पलीकडे, आणि पदरी एखाद-दुसरे लहान मूल. म्हणजे सेक्टर वसतो तेव्हा एक अख्खी पिढी एकदम तिथे येते, एकदम शाळेत जाते, एकदम बारावी होते आणि पुढे जवळजवळ एकदमच म्हातारी होते.

ताईंच्या इमारतीचेच उदाहरण घ्या. खाडीवरचा वाशीचा पहिला पूल १९७३ साली झाला आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत वाशीचे सुरुवातीचे सेक्टर वसले. १९८५ साली तिशी-बत्तिशीत ताबा घेतलेल्या जोडप्याची मुले त्या वर्षी बालवाडीत होती, २००० साली महाविद्यालयात होती, आणि २०१०च्या सुमारास लग्न होऊन खारघर, पुणे, बंगळूर किंवा परदेशी निघून गेली. ते जोडपे आज सत्तरीच्या पलीकडे आहे आणि बहुधा त्याच घरात आहे. लोकसंख्याशास्त्राच्या पुस्तकातला वयाचा पिरॅमिड, म्हणजे खाली मुलांचा रुंद पाया आणि वर म्हाताऱ्यांचे निमुळते टोक, या सेक्टरला लागू पडत नाही. इथे वयाचा आलेख उंटाच्या पाठीसारखा असतो आणि त्याची वशिंड दरवर्षी एकेक वर्षाने पुढे सरकते. ती वशिंड बालवाडीच्या दारावरून केव्हाच पुढे गेली आणि सध्या ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्राच्या दारात उभी आहे. त्यामुळे तुमचे काही चुकते आहे का, या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. शिकवणे चांगले असूनही ही घट टळली नसती.

एक कबुली इथेच दिलेली बरी. कारकिर्दीच्या सुरुवातीला मी ज्या कार्यालयात होतो तिथे एका नव्या नोडसाठी शाळांचे भूखंड ठरवण्याचे काम माझ्याकडे आले होते. मी संपूर्ण शहराच्या वयाची सरासरी घेऊन, हजार माणसांमागे इतकी मुले या एकाच मापाने, प्रत्येक सेक्टरला सारखे भूखंड वाटून दिले. पहिल्या सेक्टरांत मुले माझ्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त निघाली आणि पालकांना त्यांना शेजारच्या नोडला पाठवावे लागले. सगळ्या शाळा बांधून होईपर्यंत ती मुले दहावीला पोहोचली होती. सरासरी चूक नव्हती, पण त्या सरासरीत राहणारे कोणीच नव्हते.

या पिढीच्या सरकण्याखेरीज जन्मच कमी झाले आहेत, हेही धरले पाहिजे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील एकूण प्रजनन दर १.७ आढळला, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी दोन मुलेही नाहीत. राज्याचा जन्मदर हजारी पंधराच्या आसपास आहे. त्या हिशेबाने दहा हजार वस्तीच्या सेक्टरमध्ये वर्षाला दीडशे बाळे जन्मावीत आणि अडीच ते साडेपाच या बालवाडीच्या वयाची साडेचारशेच्या आसपास मुले सापडावीत. पण हा दर सर्व वयांच्या मिश्र वस्तीचा आहे. ज्या सेक्टरमध्ये विशी-तिशीतल्या स्त्रिया निम्म्याच उरल्या तिथे ही संख्या सरळ निम्म्यावर येते, आणि त्या सव्वादोनशे मुलांवर आता तुमच्या एका बालवाडीऐवजी पाच-सहा साखळी नर्सऱ्या, शिवाय मोठ्या शाळांचे स्वतःचे केजीचे वर्ग हक्क सांगतात.

मुलांच्या संख्येमागे शहराच्या पोटापाण्याचाही भाग आहे आणि त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर १९६० आणि ७०च्या दशकांत रसायन, औषध आणि अभियांत्रिकीचे कारखाने उभे राहिले. टीटीसी औद्योगिक पट्टा म्हणतात तो हाच. तिथला कायम कामगार आणि कारकून हा वाशी, कोपरखैरणे, नेरूळच्या सुरुवातीच्या सेक्टरांतला मुख्य रहिवासी होता. त्याला युनियनचा करार होता, भविष्यनिर्वाह निधी होता, कंपनीचे गृहकर्ज होते. तो आला तो कुटुंबासह आणि राहिला तो निवृत्तीपर्यंत. १९९०नंतर त्यांतले बरेच मोठे कारखाने बंद पडले किंवा आकसले आणि त्यांच्या जागांवर ऐरोली, रबाळे, महापे इथे काचेच्या इमारती आल्या. त्या इमारतींत काम करणारी माणसे संख्येने कमी नाहीत, पण ती पंचविशीतली, अविवाहित, तिघा-चौघांत मिळून एक फ्लॅट घेणारी, अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी आणि नोकरी बदलली की सामान उचलणारी आहेत. जनगणनेत अशा फ्लॅटमध्ये चार डोकी मोजली जातील, बालवाडीच्या दृष्टीने ती शून्य आहेत. आता त्याच पट्ट्यात डेटा सेंटर येत आहेत. त्यांना जमीन आणि वीज भरपूर लागते, माणसे मात्र अगदी थोडी. अब्जावधींच्या गुंतवणुकीची बातमी वाचून शेजारी घरभाडे वाढवून बसणाऱ्या मालकांनी एवढे लक्षात ठेवावे.

शहरात लहान मुले नाहीतच, असे मात्र नाही. ती आपल्या नजरेला न पडणाऱ्या ठिकाणी आहेत. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८०च्या दशकात मुंबईहून इकडे आला, पाठोपाठ १९९०च्या दशकात मसाला, धान्य, भाजी आणि फळे आली, आणि त्यांच्याबरोबर सातारा-सांगलीकडचे माथाडी कामगार आले. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीत त्यांना मिळालेल्या छोट्या बैठ्या घरांवर पुढे मजले चढले. माथाडीचा मुलगा बहुधा माथाडी झाला नाही; फळे-भाजीपाला २०१६ साली बाजार समितीच्या नियमनातून निघाल्यावर तर ती वाट आणखी अरुंद झाली. पण बापाचे घर त्याला भाड्याचे उत्पन्न देते. तोच प्रकार गावठाणांत आहे. शहरासाठी जमिनी गेलेल्या गावकऱ्यांच्या जानेवारी १९८४च्या आंदोलनात पाच माणसांनी जीव गमावला आणि पुढे या प्रकल्पग्रस्तांना गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. ते भूखंड आणि गावठाणाभोवती गरजेपोटी बांधलेल्या चाळी-इमारती मिळून आज शहरातले सर्वांत परवडणारे भाड्याचे घर पुरवतात. रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, मॉलमधले विक्रेते, इलेक्ट्रिशियन, छोट्या कंपन्यांतले कारकून, म्हणजे ज्यांच्याशिवाय नोडचा एक दिवस जात नाही ती सगळी तरुण कुटुंबे तिथे राहतात, आणि लहान मुले सर्वांत जास्त तिथेच दिसतात. महापालिकेच्या शाळांत पटाची जी गर्दी असते तिचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. या वस्तीला तुमच्या सध्याच्या शुल्काची बालवाडी परवडणार नाही, हे उघड आहे. पण निम्म्या शुल्कात दोन सत्रांत चालणारी बालवाडी आणि जोडीला पाळणाघर तिथे उभे राहू शकते. माझ्या मते उलव्याआधी घणसोली-कोपरखैरण्याचा विचार व्हायला हवा, पण हे सुचवले की बहुतेकांना ते थोडे कमीपणाचे वाटते, असा माझा अनुभव आहे.

वाशीत पुनर्विकास सुरू झाला आहे, त्यातून नवी कुटुंबे येतील आणि बालवाडी पुन्हा भरेल, अशी आशा ताईंनी शेवटी लिहिली आहे. ही आशा निदान पुढची सात-आठ वर्षे तरी धरू नये. जेएन-१, जेएन-२सारख्या जुन्या सिडको वसाहती पाडल्या जातात तेव्हा आधी तिथले सगळे रहिवासी बिल्डरकडून मिळणाऱ्या भाड्यावर जवळपासच घर शोधतात, त्यामुळे त्याच नोडमधले भाडे वाढते आणि जी थोडी तरुण भाडेकरू कुटुंबे होती ती पहिल्यांदा बाहेर पडतात. इमारत उभी राहिल्यावर विक्रीला येणारे फ्लॅट कोटी-दोन कोटींच्या भाषेत बोलतात. ते घेऊ शकणारा गिऱ्हाईक साधारण चाळिशी ओलांडलेला असतो आणि त्याची मुले पाचवी-सातवीत असतात. जुने सभासद परत येतात, पण ते तर सत्तरीचे. देखभालखर्च पाहून त्यांच्यातले काही फ्लॅट विकतील किंवा भाड्याने देतील, तेव्हा कुठे वयाची सरमिसळ सुरू होईल.

उलट दिशेचा एक लहानसा प्रवाह मात्र मला वाशी-नेरूळात दिसतो आणि तो तुमच्या उपयोगाचा आहे. खारघर-उलव्यात राहणारी, दोघेही नोकरी करणारी जोडपी सकाळी बाळाला वाशीच्या आजी-आजोबांकडे सोडतात आणि संध्याकाळी घेऊन जातात. काही तर आई-वडिलांच्याच सेक्टरमध्ये भाड्याने राहायला आली आहेत. ही मुले वाशीच्या कोणत्याही यादीत सापडत नाहीत, पण दिवसा वाशीत असतात. पंचाहत्तरीच्या आजोबांना दहा तास नातू सांभाळणे झेपत नाही. त्यांना चार तास हवे असतात, तेही पायी जाण्याच्या अंतरावर. म्हणून वाशीची जागा सोडू नये, असे मला वाटते. तीन तासांच्या बालवाडीऐवजी सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा, पालक निवडतील तितक्या तासांचे पाळणाघर-बालवाडी असे रूप तिला द्यावे. जागा स्वतःची असल्याने भाड्याचा बोजा नाही, आणि कमी मुलांवरही ती चालू शकेल.

उलव्याचे काय? विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि डिसेंबरअखेर विमाने उडू लागली. अटल सेतू जानेवारी २०२४पासून वाहता आहे. नेरूळ-उरण लोकलही त्याच महिन्यात उरणपर्यंत पोहोचली. म्हणून उलवे वाढणार, हे खरे. पण या शहरात भाव आधी पोहोचतात, माणसे मागून येतात, हे आम्ही वाशीपासून पाहत आलो आहोत. लोकल वाशीला आली ती १९९२ साली आणि तिच्या खर्चातला दोन-तृतीयांश वाटा सिडकोने उचलला होता. स्टेशनभोवतालची घरे त्याआधीच विकली गेली होती आणि त्यांतली बरीचशी पुढे काही वर्षे कुलूपबंद होती. उलव्यातही गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेले फ्लॅट पुष्कळ आहेत.

म्हणून तिथे जागा पाहण्याआधी काही गोष्टी स्वतः जाऊन मोजा. त्याला संगणक लागत नाही. महिन्याच्या मध्यावर एखाद्या कामाच्या दिवशी रात्री साडेआठला सेक्टरमध्ये फेरी मारा आणि इमारतीगणिक किती खिडक्यांत दिवा आहे ते टिपून घ्या. दोन-तीन सोसायट्यांच्या सचिवांना भेटून नॉन-ऑक्युपन्सी शुल्क किती सभासद भरतात ते विचारा. हे शुल्क घर भाड्याने दिलेल्या सभासदाकडून घेतले जाते, त्यामुळे भाडेकरूंचे प्रमाण सोसायटीच्या हिशेबातच लिहिलेले असते आणि कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा ते विश्वासार्ह असते. औषधाच्या दुकानात बाळांचे डायपर जास्त खपतात की मोठ्यांचे, हा प्रश्न ऐकायला विचित्र वाटेल, पण तरुण दुकानदार हसून खरे उत्तर देतो. इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र कोणत्या वर्षीचे आहे ते मात्र नक्की पाहा: भोगवट्यानंतर दुसऱ्या वर्षापासून साधारण दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत त्या इमारतीतून बालवाडीला मुले मिळतात.

जन्मनोंदणीच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. जन्म जिथे झाला तिथे नोंदला जातो, आई राहते तिथे नाही. वाशी-नेरूळातल्या रुग्णालयांत पनवेल-उरणच्या बायकाही बाळंतपणाला येतात आणि वाशीची मुलगी सासरी असली तरी पहिल्या खेपेला माहेरी येते. मतदारयादीत मुले नसतात, आणि मालमत्ता कराच्या नोंदी घरे मोजतात, माणसे नव्हे.

एवढे करून उलव्यातला एखादा सेक्टर पसंत पडलाच, तर तिथे गाळा विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. बँकेचे कर्ज पंधरा-वीस वर्षांचे असेल आणि एका सेक्टरची मुलांची लाट दहा-बारा वर्षांत ओसरेल. शेवटची पाच-आठ वर्षे हप्ता तुमच्या अंगावर राहील आणि मुले पुढच्या नोडमध्ये, कदाचित द्रोणागिरीत, गेलेली असतील. आईंच्या बालवाडीला ही अडचण आली नाही, कारण ती राहत्या घरात होती आणि घराचे हप्ते वडिलांच्या पगारातून गेले. करार तीन वर्षांचा करा, नूतनीकरणाचा हक्क आपल्याकडे ठेवा आणि भाडेवाढीचा दर आधीच लिहून घ्या. तोवर जनगणनेचे प्रभागवार वयोगट हाती आले, तर पुढची तीन वर्षे तिथेच काढायची की दुसरीकडे हलायचे, याचा हिशेब आपण पुन्हा एकदा बसून करू.